बूस्ट गेजचा आकडा खरा की खोटा, हे तपासायचं कसं?

मानपाड्याचा मुक्काम (धागाकर्ता)
गाडी १.२ टर्बो पेट्रोल. दिवाळीच्या सुमारास ए पिलरवर (पुढच्या काचेच्या कडेचा खांब) ५२ मिमीचं यांत्रिक बूस्ट गेज बसवून घेतलं, म्हणजे टर्बो इंजिनात हवा किती दाबाने कोंबतो ते दाखवणारं, –१ ते +२ बारचं. मॅनिफोल्डजवळ (इंजिनात हवा वाटणारी नळकांडी) टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकून रबरी नळी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) आत आणली आहे. रात्री दिवा लागला की शेजारचा पोरगा गाडीतून उतरायला तयार होत नाही, इतकं छान दिसतं.

आता दुखणं. ओबीडीला (गाडीचे दोष वाचायचं सॉकेट) डोंगल लावून मोबाइलवर पाहिलं तर अ‍ॅप ०.९५ बार म्हणतंय आणि गेजची सुई ०.८ च्या किंचित पुढे जाऊन थांबते. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "साहेब, सगळ्यांचं असंच असतं." असंच म्हणजे कसं?

मला बूस्ट वाढवायचा नाही, रीमॅप (गाडीच्या संगणकाचा प्रोग्राम बदलणं) करायचा नाही. दोघांपैकी कोण फेकतंय एवढंच हवंय. घरच्या घरी तपासता येतं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तीन हात नाका
घोडबंदरवर राहून ०.८ बार बूस्ट? म्हणजे तुम्ही पहाटे तीनला निघत असणार. आमचा तर माजिवड्यापर्यंत दुसरा गिअर पडत नाही.

काळा धूर
सगळ्यात आधी फुकटातली तपासणी. चावी फिरवा, इंजिन सुरू करू नका. गेज शून्यावर पाहिजे. अ‍ॅपमध्ये 'मॅनिफोल्ड प्रेशर' काढा, ते निरपेक्ष दाब, म्हणजे बाहेरच्या हवेसकट एकूण दाब दाखवतं. ठाणं खाडीला लागून, जवळपास समुद्रसपाटीलाच, तेव्हा १०० किंवा १०१ किलोपास्कल यायला हवं (१०० किलोपास्कल म्हणजे १ बार). तिथे ९५ किंवा १०६ दिसलं तर गाडीचा सेन्सरच बोंबलला आहे, मग गेजला बोल लावू नका.

दुसरी तपासणी पेट्रोलवाल्यांसाठीच. इंजिन गरम करून न्यूट्रलमध्ये सोडा, एसी बंद. मॅनिफोल्डमध्ये ३० ते ४० किलोपास्कलच्या आसपास दाब असतो. त्यावेळच्या हवेच्या दाबातून तो वजा केला की गेजवर –०.६ ते –०.७ यायला हवेत. सुई आणि अ‍ॅप दोन्ही स्थिर, पेट्रोल जाळत हिंडायची गरज नाही. आमच्या डिझेलला हे सुख नाही. थ्रॉटलने (हवेच्या झडपेने) हवा अडवलेली नसते, त्यामुळे आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) सुई शून्यावरच बसून असते.

अळूवडी
+१. शून्यावर सुई आली म्हणजे गेज बरोबर, विषय संपला.

सुईधागा (रबाळे)
नाही हो अळूवडी, तिथेच तर विषय सुरू होतो. मी कॅलिब्रेशन लॅबमध्ये (मापकं प्रमाणाशी ताडून बघतात तिथे) नोकरी करतो, दिवसभर हेच बघतो. शून्य बरोबर आणि पुढे सगळं बोंबाबोंब, अशी गेजेस टेबलावर रोज येतात. यांत्रिक गेजमध्ये बोर्डन ट्यूब असते, म्हणजे अर्धवट वाकवलेली चपटी पितळी नळी. आत दाब आला की ती उलगडायला बघते, तेवढ्या हालचालीवर दातेरी पट्टी सुई फिरवते. शून्य चुकलं तर सगळे आकडे सारख्याच अंतराने चुकतात. पण नळीचा ताण किंवा दातेरी पट्टीचं गणित बिघडलं तर शून्य ठीक राहतं आणि चूक दाबाबरोबर वाढत जाते. धागाकर्त्यांचं लक्षण मला दुसरं वाटतंय.

दुसरं म्हणजे अचूकतेचा वर्ग बघा. डायलवर खाली बारीक अक्षरात १.६ किंवा २.५ असं काही छापलेलं असेल. ते पूर्ण पट्ट्याचे टक्के असतात, वाचलेल्या आकड्याचे नव्हेत. –१ ते +२ म्हणजे पट्टा ३ बारचा. २.५ वर्ग असेल तर ०.०७५ बार इकडे किंवा तिकडे ही चूक कायदेशीर धरायची. आपल्याकडे बोर्डन गेजसाठी आयएस ३६२४ हे मानक आहे. मोटारींच्या शोभेच्या गेजवर बहुधा काहीच छापलेलं नसतं, त्यातच काय ते समजा.

आणि एक विनंती. सुई वाचण्याआधी काचेवर टिचकी मारा. अडकलेली सुई टिचकीने हलली तर तोही दोषच, पण निदान कळतो तरी.

मीनल ऐरोलीकर
सुईधागा, मस्त लिहिलंत. मग लॅबमध्येच करून मिळेल का? वागळे इस्टेटला अशा लॅबच्या पाट्या पाहिल्यात.

सुईधागा (रबाळे)
मिळतं. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या लॅब वागळेला आहेत, रबाळे-महापे पट्ट्यातही आहेत. पण प्रमाणपत्राचा खर्च गेजच्या किमतीवर जाऊ शकतो, आधी विचारून घ्या. द्यायचंच असेल तर 'हवेवर तपासा' असं बजावून सांगा. डेड वेट टेस्टर (वजनं ठेवून ठरावीक दाब देणारं यंत्र) बरेचदा तेलावर चालतो. एकदा तेल बोर्डन ट्यूबमध्ये शिरलं की ते पूर्ण निघत नाही, आणि पुढे तुमच्या मॅनिफोल्डच्या नळीत उतरणार.

पाना नंबर १०
एवढा उपद्व्याप कशाला? पंक्चरवाल्याकडे जा, कॉम्प्रेसरच्या नळीला गेज लावा, त्याच्या मीटरशी ताडून बघा. दोन मिनिटांचं काम.

काळा धूर
दोन मिनिटांचं काम आणि नवीन गेज! पंक्चरवाल्याच्या टाकीत ७-८ बार भरलेले असतात आणि गेज २ बारचं. कॉक जरा जास्त उघडला की सुई खुंटीला आपटणार आणि नळी कायमची वाकणार. त्याचा स्वतःचा मीटर किती खरा हा प्रश्न वेगळाच.

पाना नंबर १०
बरं बाबा. मग स्टेपनी घ्या. हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवा, चांगल्या डिजिटल टायर गेजने मोजा, मग तोच दाब बूस्ट गेजला द्या. १५ पीएसआय म्हणजे १.०३ बार. चाकात हवा भरपूर असते, त्यामुळे नळी जोडल्याने दाब फारसा पडत नाही. मी असंच करतो. आधी कॉम्प्रेसर म्हणालो ते गडबडीत लिहिणाऱ्यांसाठी होतं 😄

मीनल ऐरोलीकर
चांगली युक्ती. फक्त नंतर हवा भरायला विसरू नका. ज्यांची स्टेपनी बारीक, तात्पुरती आहे, तिला साधारण ६० पीएसआय लागतात. कडेला छापलेलं असतं.

नेरूळकर काका
मी मूळचा प्लंबिंग कंत्राटदार. तुम्ही सगळे मीटरवर मीटर लावताय, आणि ज्याला कधी कॅलिब्रेशन लागत नाही ते कुणी बोलत नाही. पाणी! १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे ०.९८ बार, १४.२ पीएसआय. यात सुई नाही, बॅटरी नाही, चीनचा माल नाही.

हार्डवेअरच्या दुकानातून गवंडी लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या. आतून ८ मिमीची असेल तर १० मीटर भरायला जेमतेम अर्धा लिटर पाणी लागतं. खालचं टोक इंग्रजी यू सारखं वळवून वर घ्या आणि त्याला गेज जोडा. यूच्या गेजकडच्या बाजूला मीटरभर तरी नळी कोरडी ठेवा. कारण वरून दाब १ बार झाला की आत अडकलेली हवा दबून निम्मी होते आणि पाणी त्या कोरड्या भागात चढतं. नळी आखूड ठेवली तर पाणी थेट गेजमध्ये.

आता मोजायचं काय? नळीची लांबी नव्हे. वरच्या पाण्याची पातळी आणि खालच्या यूमधली पातळी, या दोघांतलं सरळ उभं अंतर. नळी वाकडी-तिकडी गेली तरी हरकत नाही. पाणी हळू भरा. मधे हवेचे बुडबुडे अडकले तर तेवढा स्तंभ तुटतो आणि गेज बिचारं उगाच बदनाम होतं. पाण्यात थोडी निळ टाका, पातळी स्वच्छ दिसते.

तीन हात नाका
काका __/\__ . फक्त १० मीटर उंची आणायची कुठून? आमचा जिना तर चपलांच्या रॅकनी भरलाय.

नेरूळकर काका
चार मजल्यांच्या सोसायटीची गच्ची. जिन्याच्या मधल्या पोकळीतून नळी सोडायची. गेज खाली पार्किंगमध्ये, एक माणूस वर. तो एकेक मजला चढत जाईल तसतसे तुम्हाला वेगवेगळे बिंदू मिळतात. २.५ मीटरला ०.२४, ५ मीटरला ०.४९, ७.५ ला ०.७३, १० ला ०.९८. येताना उलट उतरत या. चढताना आणि उतरताना एकाच उंचीला सुई वेगळी दाखवत असेल तर गेजमध्ये घासण आहे.

सुईधागा (रबाळे)
काकांना दंडवत. लॅबमध्ये आम्ही हेच करतो, फक्त पाण्याऐवजी वजनं. एक बारीक भर: ३० अंशाला पाण्याची घनता ९९६ च्या आसपास येते. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, मोटारीच्या गेजला सोडून द्या.

अळूवडी
सोसायटीच्या गच्चीची चावी मागायला गेलं की सेक्रेटरी विचारणार, कशाला. 'बूस्ट गेज तपासायला' म्हटलं तर पुढच्या वार्षिक सभेत विषय क्रमांक सात.

गोळ्या वेळेवर घ्या
मी डॉक्टर आहे, म्हणून बिचकतच लिहितेय. पाऱ्याचं जुनं ब्लड प्रेशर यंत्रही दाबाचं मापकच असतं. ३०० मिमी म्हणजे ०.४ बार. खालचा पट्टा तपासायला पुरेल.

पण!!! पाऱ्याची काच फुटली तर पारा घरभर जातो, तो विषारी असतो. आणि गॅरेजमधली तेलकट नळी ज्या यंत्राला लावलीत ते परत आजोबांच्या दंडाला लावू नका. घड्याळासारख्या डायलची जी यंत्रं असतात ती स्वतःच चुकत जातात, तेव्हा ती प्रमाण म्हणून धरू नका.

तीन हात नाका
डॉक्टर, घोडबंदरला गाडी चालवताना आमचं ३०० येतंच, वेगळं यंत्र नको.

बायनरी बाळू
अ‍ॅपच्या बाजूनेही कुणी बोलायला हवं. ओबीडीत मॅनिफोल्ड दाबाचा जो सर्वसाधारण क्रमांक आहे, ०बी, तो एका बाइटमध्ये येतो. म्हणजे ० ते २५५ किलोपास्कल, पूर्णांकातच. सगळ्यात बारीक पायरी १ किलोपास्कल, म्हणजे ०.०१ बार. इतपत ठीक. पण वरचं टोक २५५. त्यातून १०० हवेचे वजा केले की १.५५ बार. रीमॅप केलेले डिझेलवाले "माझा बूस्ट बरोबर १.५५ ला लॉक होतो, किती छान ट्यून केलंय" म्हणतात, ते ट्यून नव्हे, बाइट संपलाय.

दुसरं म्हणजे वेग. स्वस्त ब्लूटूथ डोंगल आणि पडद्यावर दहा डायल उघडलेले असले की प्रत्येक आकडा सेकंदाला एखाददुसऱ्यांदाच ताजा होतो. तपासताना एकच डायल ठेवा.

मुक्काम, तुमचं ०.९५ हे अ‍ॅपने दाखवलेलं 'कमाल' आहे की टिकून राहिलेला दाब? टर्बो स्पूल होताना (वेग पकडताना) पहिल्या क्षणी दाब जरा वर उसळतो, मग वेस्टगेट (टर्बोकडे जाणारा धूर वळवणारी झडप) उघडून स्थिरावतो. अ‍ॅप ती उसळी कमाल म्हणून धरून ठेवतं. लांब नळीतून येणाऱ्या सुईला ती उसळी दिसतच नाही.

काळा धूर
बाळू 👏. माझा १.५५ चा 'लॉक' आजच उतरला, धन्यवाद आणि निषेध.

खारघर टेकडी
घाटाचा मुद्दा राहिला. लोणावळा ६२० मीटरच्या आसपास, तिथे हवेचा दाब ९४ किलोपास्कलच्या घरात. यांत्रिक गेजला बाहेरची हवा लागलेली असते, त्यामुळे वर गेल्यावरही इंजिन बंद असताना ते शून्यच दाखवतं. इलेक्ट्रॉनिक गेजमध्ये निरपेक्ष सेन्सर असेल आणि त्याने समुद्रसपाटीचा आकडा पक्का धरला असेल, तर लोणावळ्यात इंजिन बंद असतानाच –०.०७ दिसतं. दोष नाही, स्वभाव.

बरेच ईसीयू (इंजिनाचा संगणक) निरपेक्ष दाबावर काम करतात, म्हणजे वर गेल्यावर टर्बोला थोडं जास्त राबवून तोच एकूण दाब गाठायला बघतात. यांत्रिक गेजवर मग घाटमाथ्यावर बूस्ट वाढल्यासारखा दिसतो.

पाना नंबर १०
पावसाळ्यात हवेचा दाब पडतो त्याचं काय?

खारघर टेकडी
जानेवारी आणि जुलै यांत साधारण १० हेक्टोपास्कलचा फरक, म्हणजे ०.०१ बार. तुमच्या सुईची जाडी त्याहून जास्त आहे.

मीनल ऐरोलीकर
टी कुठे टाकलाय हेही सांगा. गॅरेजमध्ये गाड्या बघते तेव्हा निम्म्या तक्रारी गेजच्या नसतातच, जागेच्या असतात. ब्रेक बूस्टरच्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या पलीकडे टी पडला तर गेजला व्हॅक्यूम दिसतं, बूस्ट कधीच दिसत नाही. वेस्टगेटच्या नळीत, सोलेनॉइडच्या (विजेवर चालणारी झडप) पुढे टाकला तर तिथला दाब सोलेनॉइड सोडत असतो, गेज कायम कमी बोलणार. थ्रॉटलच्या आधी टाकला तर अर्ध्या पॅडलवर मॅनिफोल्डपेक्षा जास्त दाखवेल आणि आयडलला व्हॅक्यूम अजिबात नाही. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा) आधी टाकला तरी जास्तच, कारण इंटरकूलरमधून जाताना थोडा दाब पडतो.

आणि नळी. टर्बोच्या उष्णतेजवळून गेलेली साधी रबरी नळी टणक होते, जोडापाशी केसाएवढी चीर पडते. बोटाने चाचपून कळत नाही. टोकाला वाकवून बघा, पांढरट रेघ दिसली की नळी गेली.

अळूवडी
मी म्हणतो एवढं सगळं करायचंच कशाला? सुई रोज ०.८ ला जाते ना? ज्या दिवशी ०.५ लाच थांबेल त्या दिवशी नळी फाटली किंवा टर्बोचं काही बिनसलं हे कळलं. आकडा खरा असो नसो, सवय महत्त्वाची.

सुईधागा (रबाळे)
यावेळी अळूवडींशी बरंचसं सहमत. रोजच्या गाडीला सुईची सवय पुरते. गाडी स्वतःही पी०२९९ किंवा पी०२३४ कोड टाकून कमी-जास्त बूस्टची तक्रार करतेच. पण रीमॅप करणाऱ्याला ०.१ बार फार मोठा असतो. तिथे तपासल्याशिवाय सुईवर विसंबू नका.

पाना नंबर १०
अवांतर: तपासायला पाम बीचला जाणार असाल तर कॅमेरे आहेत. चलान बूस्टच्या आधी घरी पोचेल.

तीन हात नाका
अवांतराला अवांतर: तपासून झालं की मिसळ कुठे?

संपादक मंडळ
मिसळीचा स्वतंत्र धागा आहे आणि तिथे आधीच युद्ध चालू आहे. इथे फक्त हवा.

मानपाड्याचा मुक्काम (धागाकर्ता)
सगळ्यांचे मनापासून आभार. आता मोजलेलं.

टी मॅनिफोल्डवरच आहे, मीनलताईंनी सांगितलं तसं नळी वाकवून पाहिली, चीर नाही. आयडलला अ‍ॅप ३६, चावीवर १०१, म्हणजे –०.६५. गेज –०.६ च्या जरा खाली.

मग नेरूळकर काकांचा स्तंभ. भावाच्या कोपरीच्या सोसायटीत जिन्यातून नळी सोडली. भाऊ वर, मी खाली. ५ मीटरला ०.४९ हवा होता, सुई ०.४७. ७.५ ला ०.६९. १० मीटरला ०.९८ ऐवजी ०.९२ म्हणा, डायलच्या रेघा ०.१ च्या आहेत त्यामुळे डोळ्यांवर भरवसा. उतरताना सुई किंचित वर राहत होती, टिचकी मारली की खाली यायची. म्हणजे सुईधागा म्हणाले तसं, शून्य ठीक आणि चूक वर वाढत जाणारी.

बाळूंचं म्हणणंही निघालं. बायकोने मोबाइल धरला, मी मुंब्रा बायपासच्या चढावर तिसऱ्यात पॅडल दाबून ठेवलं. ०.९५ ही पहिली उसळी, टिकलेला दाब ०.८८. त्यावेळी गेज ०.८२-०.८३. पाण्याच्या स्तंभाशी जुळतं.

सुईधागा (रबाळे)
उत्तम! १ बारला ०.०६ कमी. –१ ते +२ च्या पट्ट्यात २.५ वर्गाच्या मर्यादेत बसतं. बदलायची गरज नाही. डायलजवळ छोटी चिठ्ठी चिकटवा: ०.५ ला +०.०२, ०.७ ला +०.०४, ०.९ ला +०.०६.

काळा धूर
आणि अ‍ॅपचं काय? तेही सुटलं नाही पाहिजे.

बायनरी बाळू
अ‍ॅप सुटलं. त्याने खोटं सांगितलं नाही, फक्त सगळ्यात मोठा आकडा सांगितला.

मीनल ऐरोलीकर
मुक्काम, टिचकी मारल्यावर सुई खाली येतेय त्याकडे लक्ष ठेवा. वर्षभरात टिचकीनंतरची उडी वाढली तर दातेरी पट्टी झिजतेय. आणि नळी आत आणलीय त्या फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट आहे का बघा. नसेल तर पत्र्याची धार ती कापते.

मानपाड्याचा मुक्काम (धागाकर्ता)
ग्रोमेट आहे. चिठ्ठी आज लावतो.

पाना नंबर १०
ती लेव्हलची नळी फेकू नका, शनिवारी मी कोपरीला येतो. माझं गेज केजी प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये आहे, तेही ताडून घेऊ.

नेरूळकर काका
मग तुमचं गणित सोपं. १० मीटर पाणी म्हणजे बरोबर १ केजी. नळी पूर्ण सुकवून न्या, आत शेवाळ धरतं.